सबवूफर लावला की एमसीबी पडतो? वॉट नंतर मोजा, आधी वेळ बघा

घरात मोठा सबवूफर (खोल बेस वाजवणारा स्पीकर, बहुधा आतच ॲम्प्लिफायर असलेला) आला आणि तेव्हापासून एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, अधूनमधून पडायला लागला. कधी बटण दाबताक्षणी, तर कधी सिनेमा ऐन रंगात आलेला असताना. मग ठरलेला निष्कर्ष निघतो: ‘ॲम्प्लिफायर २००० वॉटचा आहे, आपल्या लाइनला तो झेपत नाही, मोठा एमसीबी टाकून घ्या.’ यातलं पहिलं वाक्य अर्धवट खरं असतं, दुसरं बहुतेक वेळा चुकीचं आणि तिसरं सरळसरळ धोक्याचं.

एमसीबी वेगवेगळ्या कारणांनी पडतो, आणि प्रत्येक कारणाची पडायची वेळ वेगळी असते. चालू करताना पडणं, तासाभराने पडणं, बेसच्या ठोक्याला पडणं आणि वीज परत आल्यावर पडणं हे चार निरनिराळे आजार आहेत. म्हणून कुणालाही बोलावण्याआधी दोन-तीन वेळा फक्त लक्ष ठेवा: नेमका कधी पडला, त्या वेळी त्याच लाइनवर आणखी काय चालू होतं, आणि खाली आलेला खटका एमसीबीचा होता की टेस्ट बटण असलेल्या, करंटची गळती पकडणाऱ्या आरसीसीबीचा. शेवटचा प्रश्न सोडून दिल्यामुळे भलत्याच दिशेने झालेली दुरुस्ती मी बऱ्याचदा पाहिली आहे.

खोक्यावरचे वॉट आणि भिंतीतून येणारे वॉट

आधी आकडे उरकून घेऊ. खोक्यावर ठळक छापलेला ‘पीक’ आकडा विसरा. आरएमएस, म्हणजे सलग देता येणाऱ्या ताकदीचा आकडा कामाचा, आणि त्याहूनही कामाची ॲम्प्लिफायरच्या मागची बाजू. तिथे फ्यूजचा आकडा असतो आणि पॉवर केबल घुसवायचं सॉकेट असतं. कॉम्प्युटरला लागते तीच तीन पिनांची केबल तिथे बसत असेल, तर आंतरराष्ट्रीय मानकानुसार ते सॉकेट १० ॲम्पिअरचं आहे. म्हणजे २३० व्होल्टला सतत २३०० व्होल्ट-ॲम्पिअरपेक्षा जास्त ओढायचा बनवणाऱ्याचाच विचार नव्हता. जाड, आडव्या पिनांची मोठी केबल असेल, तर १६ ॲम्पिअर.

आता हिशेब. १००० वॉट आरएमएसचे दोन सबवूफर धरा, दोन्ही क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणाऱ्या नव्या धाटणीचे. पूर्ण ताकदीने सलग एकच सूर वाजवला आणि कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर भिंतीतून सुमारे २३५० वॉट येतील, म्हणजे २३० व्होल्टला साधारण १०.२ ॲम्पिअर. पण संगीत म्हणजे सलग सूर नव्हे. ठोका येतो, जातो, मध्ये शांतता असते. सुरक्षा चाचण्यांमध्येसुद्धा ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीच्या एक अष्टमांशावर चालवून तपासायची पद्धत आहे, कारण खऱ्या वापराच्या ते जवळ जातं. त्या हिशेबाने हे दोन सबवूफर मिळून सरासरी दीड-दोन ॲम्पिअर ओढतात. स्फोट आणि गडगडाट भरलेल्या सिनेमात सरासरी एक तृतीयांशावर गेली, तरी साडेतीन-चार ॲम्पिअरच्या पुढे फारसं काही जात नाही. १६ ॲम्पिअरच्या लाइनला हे काहीच नाही.

जुन्या धाटणीचा क्लास एबी ॲम्प्लिफायर मात्र वेगळा प्राणी आहे. कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या आसपास, आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खरोखर कामाला येणारा वाटा) सुधारणारं सर्किट नसेल तर तो ०.६५ च्या घरात. असा एकच १००० वॉटचा ॲम्प्लिफायर पूर्ण सुरावर ११ ॲम्पिअर ओढेल. म्हणजे वरच्या दोन क्लास डीपेक्षा हा एकटा भारी. जिथे घरगुती पुरवठा १२० व्होल्टचा असतो तिथे तर सगळेच आकडे जवळजवळ दुप्पट होतात आणि १५ ॲम्पिअरची लाइन खरोखर अपुरी पडू शकते. अशा देशांतली चर्चा वाचून २३० व्होल्टच्या घरात घाबरायचं कारण नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. खोली मोजण्यासाठी कुणी टेस्ट टोन लावत असेल, तर तो सलग सूर आहे आणि वरचे ‘पूर्ण ताकदीचे’ आकडे तिथे खरे ठरतात. तसंच इक्वलायझरचं, म्हणजे ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या सोयीचं. ३ डेसिबल वाढवले की पॉवर दुप्पट, ६ वाढवले की चौपट. बंद पेटीचा सबवूफर त्याच्या नैसर्गिक मर्यादेखाली दर सप्तकाला १२ डेसिबल खाली येतो. तो ४० हर्ट्झला जेवढा वाजतो तेवढाच २० हर्ट्झला वाजवायचा, तर सोळापट पॉवर लागते. ‘बेस थोडा खाली ओढलाय’ असं कुणी म्हटलं की मी पहिल्यांदा इक्वलायझरचा आलेख उघडायला सांगतो.

याच्या उलटही एक गंमत आहे. तसाच दुसरा सबवूफर पहिल्याच्या शेजारी ठेवला आणि एकूण आवाज होता तेवढाच ठेवला, तर दोघांची मिळून पॉवर निम्म्यावर येते. सबवूफर वाढला म्हणून विजेचा भार वाढलाच पाहिजे असं नाही. भार वाढतो तो आवाज वाढवल्यामुळे.

चालू करताक्षणी पडतो

सर्वांत जास्त दिसणारा प्रकार हाच. संगीत सुरूसुद्धा झालेलं नसतं, बटण दाबलं की ‘खट्’. याचा सबवूफरच्या वॉटशी थेट संबंध नाही.

एमसीबीच्या आत दोन यंत्रणा असतात. एक द्विधातूची पट्टी, जी तापून हळूहळू वाकते. दुसरी चुंबकीय कॉइल, जी मोठा झटका आला की काही मिलिसेकंदांत खटका पाडते. कॉइल कधी उडेल ते एमसीबीच्या जातीवर ठरतं. बी जात त्याच्या आकड्याच्या ३ ते ५ पटीला, सी जात ५ ते १० पटीला, डी जात १० ते २० पटीला. म्हणजे बी-१६ असेल तर ४८ ते ८० ॲम्पिअर, आणि सी-१६ असेल तर ८० ते १६०. ही अक्षरं एमसीबीच्या तोंडावरच छापलेली असतात: बी१६, सी१६ अशी.

ॲम्प्लिफायर चालू होताना त्याचे मोठे कपॅसिटर रिकामे असतात. २३० व्होल्टच्या लहरीचं टोक ३२५ व्होल्टचं असतं आणि समोर जवळजवळ शॉर्ट सर्किटच. मध्ये एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे तापला की विरोध कमी होणारा भाग, बसवलेला असतो. तो थंड असताना समजा ५ ओहमचा असेल, तर झटका ६५ ॲम्पिअरवर थांबतो, तोही काही मिलिसेकंदच टिकतो. एकटा सबवूफर असेल तर बी-१६ सुद्धा बहुधा निभावून नेतो. पण दोन-तीन सबवूफर एकाच ट्रिगरने (चालू व्हायच्या इशाऱ्याने) एकाच क्षणी चालू झाले, तर झटक्यांची बेरीज होते.

मोठा टोरॉइड (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर असलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये दुसरीच भानगड. बटण लहरीच्या कुठल्या क्षणी दाबलं गेलं यावर झटका ठरतो. व्होल्टेज शून्यातून जात असतानाच जोडणी झाली, तर ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकीयदृष्ट्या भरून जातो आणि पहिल्या अर्ध्या आवर्तनात प्रचंड करंट ओढला जातो. आधीच्या वेळचं चुंबकत्व गाभ्यात शिल्लक असेल तर आणखी वाईट. म्हणून हा दोष बेभरवशाचा असतो. लागोपाठ अनेकदा नीट चालू होतो आणि मग अचानक पडतो, आणि इलेक्ट्रिशियन आला की हटकून नीट चालतो.

उपाय क्रमाने करा. सबवूफर एकेक करून, मध्ये पाच-दहा सेकंद सोडून चालू करून पाहा. तेवढ्याने पडणं थांबलं, तर निदान झालं. मग कायमची सोय म्हणून पॉवर सिक्वेन्सर (यंत्रं एकेक करून चालू करणारा) किंवा सॉफ्ट स्टार्ट (सुरुवातीचा झटका अडवणारा) लावता येतो. लाइनवर बी जातीचा एमसीबी असेल तर तेवढ्याच ॲम्पिअरचा सी जातीचा बसवणं हा रास्त उपाय आहे, पण लाइनच्या टोकाला शॉर्ट झाल्यावर तो तितक्याच झपाट्याने उडेल का हे तपासूनच, आणि ते तपासणं इलेक्ट्रिशियनचं काम. डी जातीच्या वाटेला घरात सहसा जाऊ नये.

वीज जाऊन लगेच परत आल्यावर पडणं हा याचाच भाऊ. एनटीसी तापलेला असताना त्याचा विरोध अगदी कमी झालेला असतो. वीज सेकंदभर गेली आणि आली, की तो अडवायला तयार नसतो. त्यात फ्रिज आणि एसीही त्याच क्षणी उठतात. वीज गेली की सबवूफरचं मागचं बटण बंद करायचं आणि आल्यावर दोनेक मिनिटांनी चालू करायचं, एवढं पुरतं.

तासाभराने पडतो

हा तापण्याचा मामला. १६ चा एमसीबी १८ ॲम्पिअरला तासाभरात पडत नाही. १.१३ पटीपर्यंत त्याने टिकायचं आणि १.४५ पटीला, म्हणजे सुमारे २३ ॲम्पिअरला, तासाच्या आत पडायचं, अशी मानकाची अपेक्षा आहे. वरचा हिशेब आठवा. दोन सबवूफर मिळून चार ॲम्पिअर ओढताहेत, मग उरलेले कोण ओढतंय? बहुतेक वेळा उत्तर त्याच लाइनवरच्या एसी, हीटर किंवा इस्त्रीत सापडतं. सबवूफर नवा म्हणून संशय त्याच्यावर, एवढंच.

एमसीबीचे हे आकडे ३० अंश तापमानाला धरून ठरवलेले असतात. बंद डीबीत (एमसीबी बसवलेल्या पेटीत), शेजारी भरपूर भार घेतलेले एमसीबी चिकटून बसलेले असतील, तर तो लवकर पडतो. आणि एमसीबीचा स्क्रूच सैल असेल, तर तिथली उष्णता थेट पट्टीला मिळते आणि भार मर्यादेत असतानाही तो पडतो. डीबीचं झाकण न उघडता एवढं पाहता येतं: बराच वेळ वाजवल्यानंतर त्याच एमसीबीचा दर्शनी भाग शेजाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे गरम लागतोय का. तसं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून मेन बंद करून सगळे स्क्रू आवळून घ्या.

आरसीसीबी पडतो

टेस्ट बटण असलेला खटका खाली आला असेल, तर ॲम्पिअरचा विषयच सोडा. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांतला फरक पाहतो. अर्थिंगची पिन असलेल्या बहुतेक स्विचिंग (एसएमपीएस) पॉवर सप्लायमध्ये फेज आणि अर्थिंग यांच्यात गोंगाट गाळणारा छोटा कपॅसिटर असतो. ४.७ नॅनोफॅरडचा असेल, तर २३० व्होल्टला त्यातून एक तृतीयांश मिलिॲम्पिअर सतत अर्थिंगला जात राहतो. एकट्याने काही बिघडत नाही. पण टीव्ही, रिसीव्हर, कॉम्प्युटर, राउटर, वॉशिंग मशीन असे सगळे एकाच ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीवर असतील, तर बेरीज वाढत जाते, आणि तो ३० चा असला तरी १५ नंतर कधीही पडू शकतो. नवा सबवूफर निमित्तमात्र ठरतो.

तपासायचं सोपं. सबवूफर सोडून बाकी सगळ्यांचे प्लग काढा, फक्त बटणं बंद करून भागत नाही. एकट्या सबवूफरवर पडला तर सबवूफर दुरुस्तीला. नाही पडला तर एकेक प्लग परत लावत जा. आरसीसीबी काढून टाकून ‘प्रश्न मिटवणारे’ भेटतात, त्यांना हात लावू देऊ नका.

बेसच्या ठोक्याला दिवे मिणमिणतात

एमसीबी पडत नाही, पण प्रत्येक ठोक्याला दिवा डोळा मारतो. इथे जरा थांबायला हवं, कारण वायरिंगमधला खरा दोष उघडा पडतो तो बहुधा इथेच.

पहिलं निरीक्षण: कुठले दिवे? सबवूफरच्याच लाइनवरचे असतील तर दोष त्या लाइनमध्ये. सगळ्या घरातले असतील तर दोष डीबीच्या मागे, म्हणजे मेन स्विच, मीटरची जोडणी किंवा बाहेरून येणारी केबल. आणि काही दिवे मंद होताना दुसरीकडचे दिवे जास्त उजळत असतील, तर तो सैल किंवा तुटत चाललेला न्यूट्रल असू शकतो. तेव्हा निदान बिदान बाजूला ठेवा. मेन बंद करा आणि वीज कंपनीला कळवा. न्यूट्रल पूर्ण सुटला, तर काही लाइनींवर व्होल्टेज ४०० च्या जवळपास चढू शकतं आणि सबवूफरच काय, फ्रिजही जळतो.

उजळत नसतील, तर इस्त्री आणा. मस्करी नाही. सबवूफरचा भार क्षणाक्षणाला बदलतो, मीटरवर आकडा स्थिर राहत नाही. १००० वॉटची इस्त्री २३० व्होल्टला ४.३ ॲम्पिअर सलग ओढते. सबवूफरच्या पॉइंटवर, मध्ये एक्स्टेंशन न घेता, इस्त्री लावा. शेजारच्या सॉकेटमध्ये प्लगसारखं थेट बसणारं व्होल्टमीटर लावा. इस्त्री बंद असतानाचा आणि तिचा लाल दिवा लागलेला असतानाचा आकडा लिहून घ्या.

फरक किती असायला हवा? दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा विरोध किलोमीटरला १२.१ ओहम. डीबीपासून पॉइंट २० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे ०.४८ ओहम, आणि इस्त्रीच्या भाराने दोनेक व्होल्ट पडतील. अडीचच्या वायरला किलोमीटरला ७.४१ ओहम, म्हणजे सव्वा व्होल्टच्या आसपास. त्यापलीकडचा थोडा फरक बाहेरच्या पुरवठ्याचा. पण मीटर सहा-सात व्होल्ट खाली गेलं, तर वायर निर्दोष आहे, सांधा दोषी आहे. तीच चाचणी डीबीजवळच्या दुसऱ्या लाइनवर करून पाहा. तिथेही तेवढंच पडलं तर दोष डीबीच्या मागे, नाही पडलं तर याच लाइनवर कुठेतरी.

सांध्यातला एक जादा ओहम किरकोळ वाटतो. पण त्यातून १० ॲम्पिअर गेले, की तेवढ्या वेळापुरते १०० वॉट त्या एका स्क्रूखाली जिरतात. एमसीबीला याचा पत्ताही लागत नाही, कारण करंट मर्यादेतच असतो. शोधायचं कुठे? प्लग बाहेर काढून पिनांकडे बघा. चांगल्या पिना एकसारख्या चमकतात. सैल सॉकेटमधली फेजची पिन एका बाजूला काळपट, कधी निळसर झालेली असते, आणि तिच्या मुळाशी प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडून किंचित फुगलेलं असतं. सॉकेटच्या भोकाजवळ नाक नेलं तर जळक्या मासळीसारखा वास येतो. असा पॉइंट वापरायचा बंद करायचा. प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलायचे, एकच बदलून उपयोग नाही, जुना नव्यालाही खातो.

एक्स्टेंशन बोर्डाबद्दल एकच सांगतो: तो सबवूफरच्या पेटीवर किंवा तिला टेकवून ठेवू नका. दिवसरात्र हादरून त्याच्या आतल्या पट्ट्या सैल होतात. शक्य असेल तर बोर्ड काढूनच टाका आणि १६ ॲम्पिअरच्या पॉइंटला थेट जोडा.

क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारं) वापरणाऱ्यांसाठी: पूर्ण केबलभोवती चिमटा लावला तर आकडा शून्य दिसतो, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात. फक्त फेजची वायर चिमट्यात यायला हवी. त्यासाठी केबल सोलू नका, फेज वेगळी काढलेली छोटी जोडकेबल मिळते. मीटर ट्रू आरएमएस (वेड्यावाकड्या लहरीचाही खरा आकडा दाखवणारं) हवं, नाहीतर ॲम्प्लिफायरचा टोकदार करंट ते कमी दाखवतं.

मोठा एमसीबी आणि वेगळी लाइन

एमसीबी सबवूफरचं रक्षण करत नाही, भिंतीतल्या वायरचं करतो. वायर दीडची आणि एमसीबी २५ चा, अशी जोडी केली की पडणं थांबेल आणि वायर तापत राहील. आधी वायरची जाडी, मग एमसीबी. मोठा एमसीबी हवाच असेल तर वायरही बदलायची, आणि ती पाइपमधून किती वायरींसोबत जाते त्यावर तिची क्षमता कमी-जास्त होते, म्हणून आकडा ऐकीव घेऊ नका.

मला विचाराल तर एकूण १००० वॉट आरएमएसच्या पुढे गेल्यावर डीबीपासून अडीचची, लांब असेल तर चारची स्वतंत्र लाइन आणि तिच्यावर सी-१६ ही सरळ व्यवस्था आहे. गरज करंटची कमी आणि निवांतपणाची जास्त: एसीचा भार वेगळा राहतो, सांधे कमी होतात, दोष शोधणं सोपं जातं.

ही लाइन टाकताना एक अट घाला. थ्री फेज पुरवठा असेल तर सबवूफर आणि रिसीव्हर एकाच फेजवर ठेवा. दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात आणि केबलने जोडलेल्या यंत्रांत ते खेळवायचं कारण नाही. शक्य असल्यास दोघांनाही याच नव्या लाइनवरून द्या. सबवूफर नव्या लाइनवर आणि रिसीव्हर जुन्या लाइनवर राहिला, तर अर्थिंगचं वेटोळं तयार होतं आणि सबवूफरमधून सतत ‘हंऽऽ’ असा ५० हर्ट्झचा घुमारा येऊ लागतो. तेव्हा अर्थिंगची पिन काढायचा सल्ला हमखास मिळतो. ती पिन जागेवर ठेवा, सिग्नलच्या केबलमध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन यंत्रांमधली थेट विद्युत जोडणी तोडणारा) लावा, किंवा दोन्ही यंत्रांना सोय असेल तर बॅलन्स्ड केबल (दोन तारांवर सिग्नल नेऊन गोंगाट खोडणारी) वापरा.